शाळेतल्या मुलांचं निसर्गशिक्षण : वर्षातून एकदा कॅम्प, की दर महिन्याला तीच टेकडी?

टेकडीकर

मंडळी, शाळांच्या सहली आणि कॅम्प ठरायचे दिवस आलेत म्हणून हा धागा काढतेय. आमच्या मुलांच्या शाळेत (पुणे, कोथरूड बाजू) काही पालक आणि दोन शिक्षिका मिळून आम्ही एक उपक्रम चालवतो. पाचवी ते सातवीच्या मुलांना महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी वेताळ टेकडीवर न्यायचं, दरवेळी तीच वाट, तीच झाडं, तोच खाणीचा काठ. मुद्दाम नवीन जागा घ्यायचीच नाही. आणि आता माझं ठाम मत झालंय की शाळकरी मुलांना निसर्ग शिकवायचा तर आधी हे करावं, ताडोबा आणि कास सगळं नंतर.

का ते सांगते. जूनमध्ये पहिल्या एक-दोन सरी झाल्या की वाटेवर ते मखमली लाल मृगाचे किडे निघतात. मुलं खाली बसतात, कोणीतरी पाय मोजतं, आठ भरतात, मग 'किड्याला तर सहा असतात ना' म्हणून जोरदार वाद. तो कीटक नाहीच, कोळ्याच्या गोतातला आहे हे आम्ही लगेच सांगत नाही, प्रश्न घरी घेऊन जाऊ देतो. सप्टेंबरात त्याच जागी गवत कमरेएवढं होतं आणि मुलांना आपली वाटच सापडत नाही. दिवाळीनंतर तेच गवत वाळतं, कुसळं मोज्यांत घुसतात आणि सगळे वैतागतात, तेव्हा एकेक कुसळ काढून तळहातावर ठेवायचं आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. ते आपोआप गरगर फिरायला लागतं! ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, असं करत ते बी स्वतःला जमिनीत रुजवून घेतं. मोज्यात कुसळ गेलेलं असल्याशिवाय या धड्याची मजा कळत नाही असं माझं मत आहे.

थंडीत खाणीतल्या पाण्याच्या काठावर धोबी पक्षी शेपटी हलवत फिरताना दिसतात. फेब्रुवारीत मोईच्या झाडावर एक पान नसतं आणि गिरिपुष्पाची निष्पर्ण फांदी गुलाबी फुलांनी भरलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते आणि आपण जवळ गेलो की ओरडून डोकं उठवते, तेव्हा वाट सोडून लांबून वळसा घालून जायचं हे मुलांना आता सांगावं लागत नाही, तीच लहान भावंडांना आणि आजोबांना दटावतात.

सगळ्यात जमलेला प्रकार म्हणजे सुतळीचा चौकोन. एक मीटर बाय एक मीटर सुतळी चार खुंट्यांना बांधायची. एक चौकोन गिरिपुष्पाच्या झाडीखाली, एक मोकळ्या गवताळ जागेत. आत किती वेगवेगळ्या प्रकारची रोपं आहेत ती मोजायची, नावं नाही आली तरी चालतील, पानाचं चित्र काढायचं आणि क, ख, ग असं लिहायचं. मोकळ्या जागेत दरवेळी जास्त प्रकार भरतात. मग मुलंच विचारतात की ही झाडं इथे कोणी लावली आणि का, आणि मग मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड भरभर वाढतं म्हणून टेकड्या हिरव्या करायला लावलं गेलं ही सगळी गोष्ट निघते. पुस्तकात 'जैवविविधता' शब्दाची व्याख्या पाठ केलेली असते, पण ती अशी उकिडवं बसून मोजलेली नसते.

पद्धत साधी आहे. आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस. सकाळी सातला पायथ्याशी, दहाच्या आत परत. प्रत्येकाचं एक झाड ठरलेलं, त्याची वही वर्षभर तीच. मधे पंधरा-वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, आपल्या झाडाखाली बसायचं. मोबाइल कोणाकडेच नाही, आमच्यापैकी एकीकडे फक्त इमर्जन्सीला.

तुमच्याकडे असं काही चालतं का, कोणत्या अडचणी आल्या, मुख्याध्यापकांना कसं पटवलं, सगळं लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा.


अनुची_आई

किती छान! आमच्याकडे अगदी उलटं आहे. मागच्या हिवाळ्यात शाळेने 'निसर्ग शिबिर' म्हणून मुलांना एका रिसॉर्टवर नेलं, रेन डान्स, झिपलाइन, रात्री मोठ्ठ्या आवाजात गाणी आणि एका माणसाने साप आणून एकेका मुलाच्या गळ्यात घालून फोटो काढले. माझी लेक अजून रात्री बाथरूमला एकटी जात नाही. शाळेत विचारलं तर म्हणे भीती जावी म्हणून करतात. आणि फी विचारू नका. मी टेकडीचं सुचवलं तर लगेच तीन शब्दांत उत्तर आलं, साप, मधमाश्या, जबाबदारी. आता बोला.


डोंगरयात्री

अनुची_आई, ते गळ्यात साप घालणं निव्वळ चुकीचं नाहीये, बेकायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, परवानगीशिवाय साप पकडून ठेवणं, त्याचे खेळ करणं हा गुन्हा आहे, आणि तुम्ही वनविभागाकडे लेखी तक्रार करू शकता, कराच. साप दिसला की थांबायचं, मागे सरकायचं, त्याला वाट द्यायची, एवढंच मुलांना शिकवायचं असतं.

मी बरीच वर्षं मुलांचे ट्रेक घेतोय म्हणून सुरक्षेचं जरा सविस्तर लिहितो. सह्याद्रीत मुलांच्या बाबतीत मला सापापेक्षा आग्या मोहोळाची काळजी जास्त असते. कडे, लेण्यांची छतं, किल्ल्यांचे बुरूज, उंच झाडं इथे पोळी असतात. परफ्यूम, डिओ बंद, गडद रंगाचे कपडे नकोत, पोळ्याखाली आरडाओरडा नाही, दगड नाही आणि कुठेही शेकोटी किंवा धूर नाही. आदल्या दिवशी एका मोठ्या माणसाने वाट चालून बघायचीच, पोळं दिसलं तर वाट बदलायची. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही, तोंड आणि डोकं ओढणीने नाहीतर शर्टाने झाकून सरळ लांब पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही.

साप चावलाच तर मुलाला चालवायचं नाही, हात किंवा पाय हलणार नाही असा फळी लावून आधार द्यायचा, अंगठी, कडं, पैंजण काढून टाकायचं, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. ब्लेडने चिरणं, दोरी करकचून बांधणं, तोंडाने ओढणं, मांत्रिक यातलं काहीही करायचं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप शोधून मारून बरोबर न्यायची पण गरज नसते. ठरवलेल्या जागेपासून सर्वात जवळचं प्रतिविष कुठे मिळतं हे आधी फोन करून विचारून ठेवायचं, हे मी प्रत्येक शाळेला सांगतो.

आणि पाणी. २०१६ ला मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले ते योग्यच झालं. पण त्याचा परिणाम असा झाला की काही शाळांनी सरळ बाहेर नेणंच बंद केलं, नाहीतर सगळं रिसॉर्टवाल्यावर सोपवलं. पाण्यात उतरायचं नाही हा नियम पाळून टेकडीवर, माळावर, बागेत न्यायला काहीच अडचण नाहीये.


भटका_मास्तर

धागा वाचून राहवलं नाही. मी पालघर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, शाळेच्या मागेच जंगल, त्यामुळे आमचा प्रश्न तुमच्या नेमका उलटा आहे. आमची पोरं जंगलातच वाढलेली. वारली पोराला कोणतं लाकूड सरपणाला चालतं आणि कोणतं धूर करतं, खेकडा कोणत्या बिळात, मध कधी काढायचा हे सगळं ठाऊक असतं, आणि मग शहरातनं एखादी संस्था येते आणि त्यांना फळ्यावर झाडाचे भाग शिकवते. पोरं गप्प बसतात कारण त्यांना वाटतं आपल्याला जे येतं ते शाळेचं नाही. मला या गोष्टीचा फार त्रास होतो.

याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणायचे. गुरं चरतायत आणि तिथेच दगड, पानं, बिया घेऊन मोजणी चाललीय. आज आपण परदेशातल्या कल्पना म्हणून ज्या गोष्टी वाचतो त्यातलं कितीतरी या बायकांनी डहाणू तालुक्यात करून ठेवलंय, डी.एड.ला दोन ओळीत उरकतात.

मी काय करतो ते सांगतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला रानभाज्यांची वही. जूनमध्ये शेवळं येतात. आज्ज्या ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. पोरांना विचारलं का, तर म्हणाली नाहीतर घसा खाजतो. मग वर्गात त्याच्यावर सातवीच्या पोरांबरोबर तासभर बोललो, शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून खाज, आणि आंबटाने ती कमी होते. म्हणजे आजीला जे माहीत आहे तेच विज्ञान आहे हे पोरांना पहिल्यांदा जाणवलं. मग टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब, प्रत्येकाचा महिना, कुठे मिळते, किती तोडायची आणि किती ठेवायची, हे सगळं पोरं घरून विचारून लिहून आणतात. वारली नाव आधी, मराठी नाव नंतर.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती यांची नोंद, करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती कोणीतरी बाहेरून येऊन भरून जातं. मी पोरांच्या वह्या ग्रामसभेत ठेवल्या, आणि सरपंचबाईंनी त्यातल्या नोंदी घ्यायला लावल्या. पोरांनी लिहिलेलं गावच्या कागदात गेलं यापेक्षा मोठं बक्षीस मला देता आलं नसतं.


टेकडीकर

भटका_मास्तर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात सगळ्यांना वाचायला पाठवलाय. शेवळं आणि काकडं हे तर पुण्यातल्या आम्हा बायकांनाही माहीत नव्हतं. आमच्याकडे टेकडीवर गवत कापायला येणाऱ्या मावशी आहेत, त्यांना आम्ही पुढच्या खेपेला मुलांशी बोलायला बोलावतोय, मानधन देऊन. त्यांना जितकी गवतं ओळखता येतात तितकी आमच्यात कोणालाच येत नाहीत.


विज्ञानशिक्षिका

मुंबईत अनुदानित शाळेत आहे, एका वर्गात साठ मुलं, त्यामुळे आठ मुलांमागे एक मोठं माणूस वगैरे ऐकून जरा हसू आलं, रागावू नका. पण जमवतो आम्ही. अर्धा वर्ग जातो, अर्ध्याला दुसरी शिक्षिका घेते, पुढच्या वेळी आलटून पालटून.

आमची जागा म्हणजे सायन-धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. तिथे पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग होतं. १९८३ ला डॉ. सालिम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं आणि १९९४ ला उद्यान सुरू झालं, ३७ एकर. माझी निम्मी मुलं धारावीतच राहतात, त्यांना जेव्हा कळतं की आपण उभे आहोत त्याच्या खाली कचरा आहे आणि वर एवढी झाडी, तेव्हा त्यांचे प्रश्न बघा, कचऱ्यावर माती किती टाकली, मुळं खाली काय खातात, मिठी नदीचं पाणी असं काळं का. मी तर म्हणेन मुंबईतल्या मुलांसाठी संजय गांधी उद्यानापेक्षा ही जागा जास्त शिकवते. (बोरिवलीच्या उद्यानाला माझा विरोध नाही, पण तिथे वर्गाला नेलं की सगळ्यांना फक्त बिबट्या दिसायला हवा असतो.)

दुसरं म्हणजे समुद्र. ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर, हाजी अली बाजूला किंवा जुहूला, डबक्यांत काय काय असतं हे मुंबईकरांना माहीत नसतं. समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, स्पंज. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' वाले २०१७ पासून असे वॉक घेतात, मी आधी त्यांच्याबरोबर एकटी जाऊन शिकले आणि मग मुलांना नेलं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची चांगली ओहोटी गाठायची आणि पाणी वळायच्या बरंच आधी बाहेर यायचं. आमच्या वर्गात कोळीवाड्यातली दोन मुलं आहेत, त्यांना वेळापत्रक लागत नाही, तिथीवरून सांगतात. उचलायचं काही नाही, पायाखाली बघून चालायचं, दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा.

मुख्याध्यापकांना पटवायचं म्हणाल तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय. आम्ही अर्जात सरळ तोच उल्लेख केला. शिवाय १९९१ ला सर्वोच्च न्यायालयानेच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलंय, तेही लिहिलं. तिसरी ते पाचवीला तर परिसर अभ्यास हा विषयच आहे, परिसर न बघता परिसर अभ्यास कसा होणार हे विचारलं की समोरच्याकडे उत्तर नसतं.

आणि एक मुद्दा जो पुरुष मंडळी कधीच लिहीत नाहीत. टॉयलेट. सातवी-आठवीच्या मुली टॉयलेट नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, नाहीतर त्या दिवशी येतच नाहीत. जागा निवडताना पहिली ती चौकशी करा, बरोबर पॅड ठेवा आणि एक शिक्षिका हवीच. आमच्याकडे हे नीट केल्यावर मुलींची हजेरी लगेच वाढली.


गडवेडा

टेकडीकर, उपक्रम छान आहे पण थोडा असहमत. कॅम्पला सरसकट नावं ठेवू नका. रिसॉर्टवाल्या कॅम्पचं सोडा, पण चांगला कॅम्प म्हणजे गावात राहणं, चुलीवरचं जेवण, रात्री अंधारात बसणं, आईशिवाय झोपणं. पुण्या-मुंबईतल्या पोरांनी खरा अंधार पाहिलेलाच नसतो. राजमाचीला आम्ही पोरांना नेतो तेव्हा पहिल्यांदा आकाशगंगा बघून कितीतरी पोरं पंधरा-वीस मिनिटं एक शब्द बोलत नाहीत. हे तुमच्या शनिवारच्या तीन तासात होणार नाही. आणि दुसरं, तेच तेच बघून पोरं कंटाळत नाहीत का? तिसरं, नावं सांगत नाही हे मला पटत नाही. शिंजीर, दयाळ, चिरक अशी नावं आली की पोरं लक्ष देऊन बघायला लागतात, नाहीतर सगळे 'काळे पक्षी'.


टेकडीकर

गडवेडा, अंधाराचं अगदी मान्य, ते आमच्याने होत नाही. चांगला कॅम्प नकोच असं म्हणत नाहीये, तो वर्षभराच्या फिरण्यानंतर यावा असं म्हणतेय. ज्या मुलांनी टिटवीसाठी वाट सोडलेली असते ती राजमाचीला गेल्यावर वेगळी वागतात.

कंटाळ्याचं खरं सांगते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुलं कंटाळतातच. 'परत तेच?' असं तोंडावर म्हणतात. तिथे आम्ही मुद्दाम काही नवीन आणत नाही, खेळ नाही, बक्षीस नाही. ते ओलांडलं की मग पुढे प्रत्येकाचं आपापलं काहीतरी सुरू होतं, एकजण फक्त मुंग्यांच्या मागे असतो, एकजण दगड गोळा न करता त्यांची चित्रं काढते. हे दोघं वर्गात मागच्या बाकावर बसणारे आहेत, त्यांच्याबद्दल शिक्षिका सारख्या तक्रार करायच्या, आता त्यांना विचारायला बाकीची मुलं जातात.

नावांचं म्हणाल तर आम्ही लपवत नाही, उशिरा सांगतो. आधी मुलांनी त्याला ओळखायचं, शेपटी उभी करतो, तपकिरी आहे, बुडाशी तांबूस आहे, दगडावरच बसतो. मग चिरक म्हटलं की ते नाव पक्कं बसतं. आधी नाव दिलं तर वहीत फक्त यादी होते, आणि यादीची मग स्पर्धा होते.


सागरतीर

काजव्यांचा विषय निघाला नाही अजून म्हणून लिहितो, कारण शाळाही आता मे-जूनमध्ये पोरांना काजवे बघायला नेतात. कृपा करून गर्दीच्या जागी नेऊ नका. काजव्याचं प्रौढ आयुष्य फार थोडं असतं, त्यात तो लुकलुकून जोडीदार शोधत असतो आणि आपण गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च घेऊन झाडाखाली उभे. न्यायचंच तर लहान गट, उजेड बंद, गवत तुडवायचं नाही कारण माद्या खाली असतात.

आमच्या बाजूला मंडणगड तालुक्यात वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं आणि गाव त्यात उतरलं. तिथली शाळकरी पोरं पाहुण्यांना दोरीच्या मागे उभं करतात, फ्लॅश बंद करायला लावतात, पिल्लू उचलून देत नाहीत. बाहेरून बसने येणाऱ्या शाळांना माझं सांगणं, पिल्लं निघतीलच अशी खात्री देऊन पोरांना आणू नका. काही दिवस निघत नाहीत. तेव्हा पोरं हिरमुसतात आणि शिक्षक गाववाल्यांवर चिडतात, हे बघवत नाही.


नेत्रवैद्य

वेगळ्या बाजूने एक मुद्दा. मुलांमधला लघुदृष्टिदोष वाढतोय, माझ्याकडे येणारी चष्म्याची मुलं वयाने लहान होत चाललीयत. चीनमध्ये ग्वांगजौला पहिलीच्या मुलांवर एक मोठी चाचणी झाली, २०१५ ला प्रसिद्ध झाली. काही शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्तीची बाहेर, उजेडात. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना नवा दोष आला, बाकी शाळांत सुमारे ४० टक्के. तैवानने तर २०१० पासून रोज दोन तास बाहेर हा शाळांचा कार्यक्रमच केलाय. तेव्हा महिन्यातला एक शनिवार चांगला, पण रोजच्या मधल्या सुट्टीत मुलांना वर्गात कोंडून ठेवणाऱ्या शाळांशी पालकांनी भांडायला हवं. डोळ्यांना टेकडी लागत नाही, मोकळं पटांगण पुरतं.


बव्हेरियाकर

माझी लेक इथे जर्मनीत वाल्डकिंडरगार्टनला जाते, म्हणजे जंगलातली बालवाडी. फ्लेन्सबुर्गला १९९३ ला पहिलीला सरकारी मान्यता मिळाली आणि मग देशभर पसरल्या. इमारत नाही, लाकडी गाडीसारखी एक खोली असते, फार थंडी असली तर त्यात. बाकी पाऊस, बर्फ, सगळं बाहेर. आईबाबांना भारतातून फोनवर ऐकून धक्का बसतो.

मला वाटतं तिथून घेण्यासारखं आहे ते नियमांचं. नियम थोडे, पण पक्के. ठरलेल्या झाडाच्या पुढे मोठं माणूस आल्याशिवाय जायचं नाही. जमिनीलगतची फळं न धुता तोंडात घालायची नाहीत, कोल्ह्यांमुळे पसरणाऱ्या जंताची भीती असते. घरी आल्यावर रोज गोचीड तपासणी, केसांत, काखेत, गुडघ्यामागे. वादळाचा इशारा असला की जंगल बंद. चार वर्षांची मुलं हे सगळं पाळतात आणि त्यापलीकडे त्यांना कोणी सारखं 'नको, पडशील' म्हणत नाही. सुरीने काठी तासतात, हो, सुरीने, बसून, आपल्यापासून बाहेरच्या दिशेने. भटका_मास्तरांचं कुरणशाळेचं वाचून मात्र खूप अभिमान वाटला, इथल्या शिक्षिकेला सांगणार आहे.


दोघांचा_बाबा

एक विचारू का, सगळे टेकडी, गड, किनारा म्हणतायत. माझा मोठा मुलगा व्हीलचेअरवर आहे. शाळेच्या प्रत्येक अशा कार्यक्रमाला 'तो घरी राहिला तरी चालेल' असं प्रेमानेच सांगतात. त्याला पक्षी प्रचंड आवडतात, आवाजावरून ओळखतो. त्याच्यासाठी काय करता येईल?


विज्ञानशिक्षिका

दोघांचा_बाबा, 'तो घरी राहिला तरी चालेल' हे अजिबात चालणार नाही. चालत जायचा कार्यक्रम असतो म्हणून हा प्रश्न येतो, एका जागी बसायचा कार्यक्रम केला की सगळी मुलं सारखी. आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून एक उंबर आहे. फळ पिकलं की त्याच्याखाली सगळा वर्ग बसवते. तांबट, कोकीळ, बुलबुल, खारी येतात, कोण कुठल्या फांदीवर, कोण कोणाला हाकलतं, कोण पिकलेलं खातं आणि कोण कच्चं, सगळं लिहायचं. मग एक फळ कापायचं. आत फुलं असतात आणि राईपेक्षा बारीक माश्या. मादी बारक्या छिद्रातून आत शिरते, नराला पंखच नसतात, तो आतच जन्मतो, मादीला बाहेर पडायला वाट कोरून देतो आणि आतच मरतो. उंबर त्या माशीशिवाय नाही आणि माशी उंबराशिवाय नाही. या एका झाडावर माझे चार तास होतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर किंवा पळस फुलला असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, रस प्यायला इतके पक्षी येतात की मुलाला मान फिरवायला वेळ पुरणार नाही. आवाजावरून ओळखतो म्हणता तर त्याला गटाचा नोंद घेणारा करा. शाळेला सांगा, तो असेल अशीच जागा निवडायची.


टेकडीकर

+१००. आणि आम्ही आमच्या वेळापत्रकात हे लगेच आणतोय, तीन महिन्यांतून एक शनिवार टेकडीऐवजी शाळेच्याच आवारात नाहीतर सपाट रस्ते असलेल्या बागेत. आमच्याही शाळेत अशी मुलगी आहे आणि तिला आम्ही आजवर नेलेलं नाही, तिच्या आईशी उद्याच बोलते.

बाकी दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. एक, झाडाच्या वहीसाठी 'सीझनवॉच' बघा. भारतभरातल्या शाळा यात आहेत, आपलं एक झाड ठरवून दर आठवड्याला कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची-पिकली फळं, प्रत्येक काहीच नाही, थोडं की भरपूर एवढंच लिहायचं. केरळात तर हजारो मुलं करतात, तिथे एप्रिलमध्ये विषूला फुलणारा बहावा आता त्याच्या बराच आधी फुलतो हे त्या मुलांच्या नोंदींत दिसलं. म्हणजे मुलांची नोंद शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते आणि हे मुलांना सांगितलं की अक्षर आपोआप सुधारतं!

दोन, ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. शाळेत पहिल्यांदा काही सुरू करायचं असेल तर तो आठवडा बरा, परवानगी पटकन मिळते आणि स्थलांतरित पक्षी पण आलेले असतात.


अनुची_आई

सगळं वाचून काढलं आणि डोंगरयात्रींचं सुरक्षेचं आणि विज्ञानशिक्षिकांचं दप्तराविना दिवसांचं असं दोन्ही एका कागदावर लिहून काल पालकसभेत दिलं. मुख्याध्यापक म्हणाल्या एका वर्गाला एकदा नेऊन बघू, पण पालकांनी लेखी संमती द्यायची आणि चार पालक बरोबर हवेत. तिघी तयार आहेत. बस कशी करता तुम्ही लोक?


भटका_मास्तर

शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, शाळेच्या लेटरहेडवर मुलांची यादी आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन आगारात अर्ज द्यायचा, शनिवार-रविवारची गाडी हवी तर बरंच आधी. पण पहिल्यांदा बस लागेल अशी जागाच घेऊ नका. शाळेतनं चालत जाता येईल असा नाला, माळ, बाग, काहीतरी असतंच, ते आधी शोधा. आणि टेकडीकर, त्या वहीचं एक पान बघायला मिळेल का? आमच्या पोरांसाठी तसं करून घेतो.


टेकडीकर

हो नक्की. पानाच्या वर तारीख, वेळ, ढग आहेत की ऊन आणि शेवटचा पाऊस कधी पडला. मधे झाडाच्या चित्राला मोठी रिकामी जागा, ओळी नाहीत. त्याखाली 'मागच्या वेळेपेक्षा काय वेगळं दिसलं' आणि अगदी तळाला 'मला पडलेला प्रश्न'. एवढंच आहे. आज रात्री एका मुलीच्या वहीतलं पान तिच्या आईला विचारून, नाव झाकून इथे टाकते. अनुची_आई, तुमची शाळा कोणत्या भागात आहे ते व्यक्तिगत निरोपात कळवा, जवळ असाल तर पहिल्या दिवशी आमच्यातल्या दोघी चौथ्या-पाचव्या पालक म्हणून येतील.